विहिणींची मोटरसायकल

डॉक्टरबाईंनी आपली तिसरी मोटरसायकल घेतली ती एका बेकरीच्या मागच्या शेडमधून. गाडी तेव्हा कोंबड्यांच्या ताब्यात होती. सीट फाटून आतला काथ्या बाहेर आला होता आणि त्या काथ्यात एका तपकिरी कोंबडीनं बिऱ्हाड थाटलं होतं. हेडलाइटच्या जागी नुसतं भोक, चेन गंजून काठीसारखी ताठ, मडगार्डवर पिठाचा आणि कोंबड्यांच्या कृपेचा जाड थर.

बेकरीवाला ओशाळून म्हणाला, "बाई, भंगारवाल्यालाच देणार होतो. पण त्यानंही बघून तोंड फिरवलं."

डॉक्टरबाईंचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. त्या ओल्या रुमालानं पेट्रोलची टाकी पुसत होत्या. पिठाखालून आधी गडद हिरवा रंग वर आला, आणि मग त्या हिरव्यावर केसासारखी बारीक सोनेरी रेघ. हातानं ओढलेली. टाकीच्या गोलाईवरून कुठेही न अडखळता ती पार मागच्या टोकापर्यंत गेली होती.

"घेतली," बाई म्हणाल्या. भाव विचारायच्या आधीच 'घेतली' म्हणणारं गिऱ्हाईक बेकरीवाल्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. त्यानं खुशीत पावाची एक लादी फुकट बांधून दिली.

बाई दातांच्या डॉक्टर. दिवसभर लोकांच्या जबड्यात डोकं घालायचं आणि सुट्टीच्या दिवशी जुन्या इंजिनात, असा त्यांचा शिरस्ता होता. पेशंटचा गाल बधिर झाला की त्या त्याला गाड्यांच्या गोष्टी सांगत. बिचाऱ्याला हूं की चूं करता येत नसे, त्यामुळे बाईंची समजूत झाली होती की हा विषय सगळ्यांनाच फार आवडतो. यजमान बोटीवर इंजिनियर होते आणि बरेच महिने समुद्रावर असत. घरी आले तरी गॅरेजकडे फिरकत नसत. "वर्षभर इंजिनाशीच संसार करतो," ते म्हणत, "घरी तरी मला बायकोजवळ बसू दे."

"मग गॅरेजमध्ये येऊन बसा," असं बाईंचं उत्तर ठरलेलं असे.

तर त्या दिवशी टेम्पोतून गाडी दारात उतरली. बाईंच्या अंगावर जुना निळा डगला, केसांत कोंबडीचं एक पीस, हात कोपरापर्यंत काळे. टेम्पोवाला आणि त्या मिळून गाडी फळीवरून खाली घेत होते, तेवढ्यात मागून एक मोटार येऊन थांबली. लेकीनं आठवडाभर बजावून सांगितलं होतं, "आई, रविवारी सासूबाई पहिल्यांदाच आपल्या घरी येताहेत. नीट कपडे घाल. आणि गॅरेज बंद ठेव." हे सगळं डोक्यातून पार निघून गेलं होतं.

मोटारीतून लेक उतरली, जावई उतरला, व्याही उतरले आणि शेवटी विहीणबाई.

विहीणबाई निवृत्त न्यायाधीश होत्या. ताठ कणा, कडक इस्त्री, डोळ्यांवर बारीक काड्यांचा चष्मा. लग्नात त्या इतकं कमी बोलल्या होत्या की डॉक्टरबाईंच्या माहेरची माणसं त्यांना मुक्या समजून खुणांनी बोलत होती. ओळखीपाळखीचे लोक त्यांना जजबाई म्हणत, आणि पाठीमागे म्हणताना सुद्धा आवाज खाली आणत.

जजबाई मोटरसायकलपाशी येऊन उभ्या राहिल्या.

"हे काय आहे?"

"मोटरसायकल," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"चालते?"

"अजून नाही."

"चालेल?"

"चालेल."

"कशावरून?"

डॉक्टरबाईंना वाटलं, आपण आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या आहोत. लेकीनं तर डोळेच मिटून घेतले होते. "इंजिन जाम झालेलं नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "किकवर पाय दिला तर खाली जाते आणि आतून हवा ढकलल्यासारखी वाटते. म्हणजे आत धुगधुगी आहे."

जजबाईंनी मान हलवली. मग वाकून, सीटच्या काथ्यात दोन बोटं घालून त्यांनी एक अंडं बाहेर काढलं.

"हे मुद्देमालात धरायचं का?"

कुणीच हसलं नाही, कारण हा विनोद आहे की चौकशी हे कुणाला कळलं नाही. जावई तर पांढराफटक पडला. आईनं विनोद केल्याचं त्याला लहानपणापासून आठवत नव्हतं. डॉक्टरबाईंना मात्र फस्सकन हसू फुटलं आणि ते दाबायला त्यांनी तोंडावर हात नेला, तो हात काळा होता हे विसरून. पुढचा सगळा चहा त्यांनी काळ्या मिशा मिरवत पाजला. लेक डोळ्यांनी खुणावत होती, पण त्यांना वाटलं ती बिस्किटं पुढे करायला सांगतेय.

पुढच्या रविवारी सकाळी बेल वाजली. दारात जजबाई एकट्याच उभ्या. हातात पिशवी, पिशवीत दुकानाची घडी न मोडलेला एप्रन आणि रबरी हातमोजे.

"या ना, विहीणबाई," डॉक्टरबाई गडबडल्या. "बसा. मी चहा..."

"चहा नको. मी कामाला आलेय. नको असेल तर स्पष्ट सांगा, मला राग येणार नाही."

"कसल्या कामाला?"

"त्या गाडीच्या." जजबाईंनी घसा साफ केला. एवढं लांब बोलायची त्यांना सवय नव्हती. "विहीणबाई, मी खोलीत शिरले की माणसं उठून उभी राहतात. कोर्टात राहायची ते ठीक होतं. आता मंडईत गेले तरी लोक मला वाट देतात. घरी सून उभी राहते, म्हणजे तुमचीच मुलगी. परवा तिच्या हातातलं ताट पडलं. निवृत्त होऊन वर्ष होत आलं, आणि या वर्षात माझ्यासमोर आडवं पडून राहिलेली पहिली वस्तू म्हणजे तुमची ही गाडी."

डॉक्टरबाईंनी गॅरेजचं दार उघडलं आणि बसायला त्यांच्यासमोर एक उलटी बादली सरकवली. जजबाई त्या बादलीवर अशा बसल्या की बादलीचं सिंहासन झालं.

सुरुवातीचे रविवार फार कठीण गेले. गाडी सुटी करायची, एकेक भाग रॉकेलात धुवायचा, पुसून डब्यात ठेवायचा. जजबाईंना अर्धवट काही जमतच नसे. डॉक्टरबाई म्हणाल्या, "हा बोल्ट किंचित आवळा," तर त्यांनी तो असा आवळला की आटेच गेले.

"किंचित म्हटलं होतं मी!"

"किंचितची व्याख्या काय?"

"हाताला कळतं हो."

"माझ्या हाताला कोणी कळवलेलं नाही."

एकदा कार्बोरेटर उघडताना आतली इवलीशी स्प्रिंग टुणकन उडाली. दोघी विहिणी हातात टॉर्च घेऊन टेबलाखाली रांगत होत्या, तेव्हा यजमानांचा बोटीवरून फोन आला. "काय चाललंय?" त्यांनी विचारलं. "विहीणबाई आल्यात," डॉक्टरबाई टेबलाखालून म्हणाल्या. "त्यांची सरबराई करतेय." स्प्रिंग शेवटी जजबाईंच्या अंबाड्यात सापडली.

कार्बोरेटरची भोकं सुईच्या अग्रासारखी बारीक. ती साफ करायला डॉक्टरबाई दवाखान्यातून दातांच्या मुळात घालायच्या जुन्या सुया आणत. टाकीच्या आत गंज कुठवर पोचलाय हे बघायला तोंडात घालायचा गोल आरसा. जजबाईंनी तो आरसा टाकीत घालून बराच वेळ इकडे तिकडे फिरवला आणि म्हणाल्या, "डावीकडे मागच्या बाजूला कीड आहे."

"किती खोल?"

"वाचेल. काढायला नको."

डॉक्टरबाई इतक्या हसल्या की त्यांच्या हातातला पाना पायावर पडला.

मग चाकांची पाळी आली. चाकाला आऊट होता, म्हणजे फिरवलं की ते डावीउजवीकडे झोके खाई. एका बाजूच्या तारा थोड्या आवळायच्या, समोरच्या तेवढ्याच सैल करायच्या, पुन्हा फिरवून बघायचं, पुन्हा तेच. डॉक्टरबाईंना या कामाचा मनस्वी कंटाळा. दोनदा करून त्यांनी पाना फेकला. जजबाईंनी तो उचलला, बादली चाकासमोर ओढली आणि संध्याकाळपर्यंत तिथून हलल्या नाहीत. चाक फिरवायच्या, बघायच्या, एक तार आवळायच्या, समोरची सोडायच्या. चेहऱ्यावर कंटाळ्याचा लवलेश नाही.

"तुम्हाला जमतंय की हो!" डॉक्टरबाई म्हणाल्या.

"यात काय आहे," जजबाई चाकावरची नजर न काढता म्हणाल्या. "दोन्ही बाजूंची ओढाताण. एकीचं सगळं मान्य केलं की चाक वाकडं. जन्मभर हेच केलंय. इथे निदान वकील मध्ये बोलत नाहीत."

संध्याकाळी चाक फिरलं ते असं, की फिरतंय की थांबलंय हे बघायला बोट लावावं लागलं. जजबाईंच्या गालाला ग्रीस लागलं होतं. डॉक्टरबाईंनी ते मुद्दाम सांगितलं नाही. त्या दिवशीच्या मिशांची परतफेड झाली असं त्यांना वाटलं.

आता दोघींची चांगलीच गट्टी जमली होती. लेकीला आधी धास्ती वाटली, मग आश्चर्य, मग थोडासा मत्सर. "आई, सासूबाई तुझ्याशी बोलतात? म्हणजे, वाक्यं बोलतात?" ती फोनवर विचारी.

आणि नेमकं तेव्हाच सगळं बिनसलं.

टाकीच्या आतला गंज काढायला आत बारीक खडी आणि औषध घालून ती तासन्‌तास हलवावी लागते. जजबाई म्हणाल्या, "मी घरी नेते. ह्यांना काही काम नसतं, हलवतील." डॉक्टरबाईंनी आनंदानं दिली. टाकीचा जुना रंग आणि ती सोनेरी रेघ आहे तशीच ठेवायची, थोडी झिजली असली तरी, हे त्यांच्या मनात पहिल्या दिवसापासून पक्कं होतं. इतकं पक्कं, की ते तोंडानं सांगावं लागतं हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

पुढच्या रविवारी जजबाई कापडात गुंडाळलेली टाकी घेऊन आल्या. चेहऱ्यावर परीक्षेत पहिला आलेल्या मुलीसारखा आनंद. त्यांनी कापड बाजूला केलं. टाकी आरशासारखी चकाकत होती. आतूनही आणि बाहेरूनही. पॉलिश पेपरनं घासून घासून त्यांनी रंगाचा शेवटचा कणसुद्धा काढून टाकला होता.

डॉक्टरबाईंचा चेहरा उतरला. "विहीणबाई, रेघ कुठाय?"

"कोणती रेघ?"

"सोनेरी. टाकीवरची."

"ती? ती मळलेल्या रंगावर होती. सगळं पोपडे धरलेलं होतं. म्हटलं, करायचं तर नीट..."

"नीट?" डॉक्टरबाईंचा आवाज चढला. "अहो, त्या रेघेसाठी मी ही गाडी घेतली! कुणीतरी कधीकाळी हातानं ओढली होती ती. कोंबड्यांनी राखली, पिठानं राखली, आणि तुम्ही पुसून टाकलीत! निदान एक फोन? निकाल देण्याआधी समोरच्याचं ऐकून घ्यायचं असतं ना तुमच्यात?"

जजबाईंनी एप्रन काढला, घडी घातली, पिशवीत ठेवला आणि "येते" एवढं म्हणून त्या गेल्या. हातमोजे टेबलावर तसेच राहिले.

त्यानंतरचे रविवार सुनेसुने गेले. विहिणी-विहिणींचं बिनसलं की झळ लागते ती मधल्या दोघांना. लेक फोन करून म्हणाली, "आई, तू काय बोललीस त्यांना? त्या दिवसभर मागच्या अंगणात दार लावून बसतात. आणि घरात रंगाचा वास येतो." जावई म्हणाला, "आई, मी कोणाच्या बाजूनं बोलायचं ते एकदा दोघी मिळून ठरवा, म्हणजे मी तसा बोलेन."

"तू कोणाच्याच बाजूनं बोलू नकोस," डॉक्टरबाई म्हणाल्या. राग तर केव्हाच उतरला होता. आता जीभ चावायची वेळ होती, पण पहिलं पाऊल कोणी टाकायचं? आपण बोललो म्हणून आपण, की त्यांनी घासलं म्हणून त्यांनी? असा विचार करत त्या एकट्याच इंजिन जोडत राहिल्या.

एका दुपारी इंजिन बसलं, तारा जोडून झाल्या, प्लगची ठिणगी दिसली. टाकी लावायला त्यांचं मन होईना. मग त्यांनी एका बाटलीत पेट्रोल भरलं, ती दोरीनं वर टांगली, तिची नळी कार्बोरेटरला जोडली आणि किक मारली. काही नाही. पुन्हा मारली. गाडी खोकली. पुन्हा मारली, आणि आधी निळ्या धुराचा एक भपकारा आणि मग धड, धड, धड, धड! किती वर्षं मुकी बसलेली गाडी बोलायला लागली. टेबलावरचे डबे थरथरले, टांगलेली बाटली झोपाळ्यासारखी हलायला लागली. डॉक्टरबाई लहान मुलीसारख्या टाळ्या पिटत ओरडल्या, "विहीणबाई, ऐकलंत का!"

आणि मागे वळल्या, तर उलटी बादली रिकामी.

त्यांनी इंजिन बंद केलं, हात पुसायलासुद्धा न थांबता टाकी कापडात गुंडाळली, टेबलावरचे हातमोजे उचलले आणि तडक विहीणबाईंचं घर गाठलं.

दार व्याह्यांनी उघडलं. गोरेपान, गोलमटोल, टक्कल पडलेले व्याही स्वभावानं फार गरीब. आज त्यांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखा भाव होता. "आलात? बरं झालं. आता तुम्हीच आवरा."

डॉक्टरबाई आत शिरल्या आणि जागीच थबकल्या. दाराशी छत्र्या ठेवायचं पिंप होतं, त्याच्याभोवती सोनेरी रेघ. चपलांच्या कपाटावर रेघ. पाण्याच्या टाकीच्या झाकणावर, फुलांच्या कुंड्यांवर, पोस्टाच्या पेटीवर, व्याह्यांच्या चष्म्याच्या डबीवर सोनेरी रेघाच रेघा. काही नागमोडी, काही मध्येच फुगलेल्या, काही शेवटी थेंब होऊन ओघळलेल्या.

"घरात गोल वस्तू उरलेली नाही," व्याही कुजबुजले. त्यांनी स्वतःच्या टकलावरून हात फिरवला. "ही एकच राहिलीय. मी टोपी घालून झोपतो."

मागच्या अंगणात जजबाई स्टुलावर बसल्या होत्या. गुडघ्यांत उलटा धरलेला कचऱ्याचा डबा, हातात लांब केसांचा बारीक ब्रश. विहिणीला बघून त्या उठल्या नाहीत. श्वास रोखून त्यांनी रेघ पूर्ण केली आणि मगच मान वर केली.

"माझी चूक झाली," त्या म्हणाल्या. "विचारायला हवं होतं. रेघ परत आणता येणार नाही, ते मला माहीत आहे. पण दुसरी ओढता येईल का ते बघतेय. अजून डब्याच्या लायकीचीच येते."

डॉक्टरबाईंनी कचऱ्याचा डबा हातात घेऊन उजेडात फिरवून पाहिला. "चांगली आलीय की," त्या म्हणाल्या. "आणि सांगायला मीही हवंच होतं. माझ्या मनातलं तुम्हाला कुठून कळणार? तोडून बोलले, ते मनावर घेऊ नका."

"बोललात ते बरोबर होतं. फक्त फार मोठ्यांदा होतं."

"गाडी सुरू झाली, विहीणबाई."

जजबाईंच्या हातातला ब्रश खाली आला. "माझ्याशिवाय?"

"चला ना, पुन्हा बंद पडायच्या आत ऐकायला."

टाकीला पुन्हा गडद हिरवा रंग दिला गेला. तो वाळल्यावर जजबाईंनी रेघ ओढायला घेतली. डॉक्टरबाईंनी फोन बंद केला, दार लावलं, व्याह्यांना हलायचं नाही अशी ताकीद दिली. एक बाजू निर्विघ्न पार पडली. दुसऱ्या बाजूला, अगदी गोलाईवर, व्याह्यांना शिंक आली. रेघ तिथे कणभर जाड झाली.

"पुसून पुन्हा काढू?" जजबाईंनी विचारलं. आता त्या विचारायला शिकल्या होत्या.

"मुळीच नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पुढेमागे कुणी विचारलं तर सांगू, इथे व्याही शिंकले."

गाडी उभी राहिली तशी जजबाई म्हणाल्या, "आता मला चालवायला शिकवा." जावई म्हणाला, "आई, या वयात? पडलीस तर?" "या वयात पडलं नाही तर कधी पडणार?" असा उलटा सवाल करून त्यांनी त्याची बोलती बंद केली. पण लायसन्स हातात आल्याशिवाय रस्त्यावर चाक टाकायचं नाही, हा त्यांचा हट्ट. तोवर शिकणं गावाबाहेरच्या एका मोकळ्या मैदानावर.

या जुन्या गाड्यांचं सगळं उलटं असतं. गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या. डॉक्टरबाई मैदानाच्या मध्ये उभ्या राहून ओरडत, "क्लच हळू सोडा! हळू!"

"हळूची व्याख्या काय?" असा आवाज येई, आणि गाडी बेडकासारखी उडी मारून बंद पडे.

एकदा थांबायचं म्हणून जजबाईंनी उजवा पाय दाबला. त्यामुळे थांबायच्या ऐवजी गिअर बदलला आणि त्या गाडीसकट मैदानाकडेच्या झुडपांच्या कुंपणात शिरल्या. डॉक्टरबाई जीव मुठीत धरून धावल्या. बघतात तो जजबाई कुंपणात बसलेल्या, चष्मा एका कानावर लोंबतोय, केसांत पाला, आणि अंग गदागदा हलतंय.

"लागलं का हो?" डॉक्टरबाईंनी घाबरून विचारलं.

जजबाई हसत होत्या. आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. "कुंपणाची," त्या कशाबशा म्हणाल्या, "कुंपणाची काहीच चूक नव्हती."

परीक्षेच्या दिवशी परीक्षक ओळखीचा निघाला. जजबाईंना बघून तो खुर्चीतून ताडकन उठला. "तुम्ही आधी बसा," जजबाई म्हणाल्या, "आणि मी चुकले तर नापास करा." एकदा त्यानं खरंच नापास केलं. घरी येऊन जजबाईंनी ती बातमी अशा अभिमानानं सांगितली, की सुनेला वाटलं त्या पास झाल्या. दुसऱ्या खेपेला झाल्याही.

मग जुन्या गाड्यांचा मेळावा आला. गावापासून लांब, डोंगरातल्या एका तळ्याकाठी. दोघींनी जायचं ठरवलं. जाताना घाट डॉक्टरबाईंनी चालवायचा, पुढचा सपाट रस्ता जजबाईंनी. घाटाच्या मध्यावर गाडी धापा टाकायला लागली आणि बंद पडली. शेजारी एक ट्रक थांबला. ड्रायव्हर खाली डोकावून म्हणाला, "काकू, गाडी वर टाकू का? तळ्यापर्यंत सोडतो."

"थांबा," जजबाई म्हणाल्या. त्यांनी हातमोजे चढवले, वाकून कान लावला, वास घेतला, एकेक तार बोटानं ओढून पाहिली. "प्लग सैल झालाय." त्यांनी तो नीट बसवला आणि पान्यानं आवळला.

"किती आवळलात?" डॉक्टरबाईंनी काळजीनं विचारलं.

"किंचित," जजबाई म्हणाल्या.

पहिल्याच किकला गाडी बोलू लागली. ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवून सलामी दिली आणि घाट संपेपर्यंत तो त्यांच्या मागेमागे आला. उगाच, सोबत म्हणून.

तळ्याकाठी गाड्याच गाड्या होत्या. लाल, काळ्या, चंदेरी, नवरीसारख्या नटलेल्या. लोक विहिणींच्या हिरव्या गाडीपाशी थांबत, रेघेवरून बोट फिरवत, शिंकेची गोष्ट ऐकून हसत. बक्षीस मात्र एका लाल गाडीला गेलं. डॉक्टरबाई हिरमुसल्या. जजबाई उठून त्या लाल गाडीपाशी गेल्या, गुडघ्यावर बसून तिच्या पोटाखाली वाकून बराच वेळ बघितलं आणि परत येऊन म्हणाल्या, "निकाल योग्य आहे. त्यांचं तेल एक थेंब गळत नाही. आपली जिथे उभी राहते तिथे सही करते."

मग त्या कोणाशी तरी बोलत राहिल्या. डॉक्टरबाईंना ते लांबून दिसत होतं. एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ हातवारे करून काहीतरी सांगत होते आणि जजबाई मान डोलावत होत्या.

परतताना ऊन कलायला लागलं होतं. घाट उतरल्यावर सपाट रस्ता लागला आणि जजबाई पुढे बसल्या. डॉक्टरबाई मागे. रस्ता मोकळा, दोन्ही बाजूंना उंच गवत, इंजिनाची लय एकसारखी. डॉक्टरबाईंना इतकं बरं वाटत होतं की त्यांचा डोळा लागायच्या बेतात होता. तेवढ्यात फाटा आला आणि गाडी उजवीकडे वळली.

"अहो विहीणबाई! घर डावीकडे!"

"माहीत आहे," पुढून उत्तर आलं.

"मग?"

"ते दाढीवाले सांगत होते. पुढच्या वस्तीत एका सुताराच्या गोठ्यात साइडकारवाली गाडी पडून आहे. साइडकारमध्ये त्याची शेळी बसते म्हणे."

डॉक्टरबाईंनी पुढे झुकून विहिणीच्या कानाशी ओरडून विचारलं, "इंजिन फिरतं का ते विचारलंत?"

"फिरतं," जजबाई म्हणाल्या, आणि त्यांनी उजव्या पायानं गिअर बदलला.